अ‍ॅडॅप्टर बसला, पण माप जुळले का?

मुंबईत कमी खर्चाच्या चित्रीकरणाचे सामान बांधताना कॅमेरा एका रेंटलचा, लेन्सचा संच दुसऱ्याचा आणि त्या दोघांना जोडणारा अ‍ॅडॅप्टर तिसऱ्याच कुणाच्या बॅगेतला असतो, हे आता नेहमीचे झाले आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर पाहिला जातो, लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी आणि ओरखडे शोधले जातात. अ‍ॅडॅप्टर मात्र फिरवल्यावर ‘टक्’ असा आवाज आला की पास होतो. मला सांगायचे आहे ते एवढेच, की अ‍ॅडॅप्टर ही आधी मापाची वस्तू आहे आणि मग जोडणीची. तो कॅमेरा कंपनीचा नसून बाहेरच्या निर्मात्याचा असेल, तर त्याचे माप वापरणाऱ्यानेच तपासून घ्यावे लागते. ते कसे तपासायचे आणि चुकलेले आढळले तर कसे सुधारायचे, हे फोकस पुलरचे, म्हणजे चित्रीकरणात लेन्सचा फोकस सांभाळणाऱ्याचे, काम करताना मी जसे शिकलो तसे इथे मांडतो.

लेन्स ज्या धातूच्या कडेवर टेकते ती कडा आणि सेन्सर यांच्यामधल्या अंतराला फ्लॅन्ज डिस्टन्स म्हणतात. प्रत्येक माउंटसाठी, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्या जोडाच्या प्रत्येक प्रकारासाठी, हे अंतर ठरलेले आहे: सिने लेन्सच्या पीएलचे ५२ मिमी, निकॉन एफचे ४६.५, कॅनन ईएफचे ४४, कॅनन आरएफ आणि एल माउंटचे २०, मायक्रो फोर थर्ड्‌सचे १९.२५, सोनी ईचे १८ मिमी. ज्या लेन्सचे अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त आहे तीच लेन्स काच नसलेल्या साध्या अ‍ॅडॅप्टरने चढू शकते, कारण मधली उरलेली जागा अ‍ॅडॅप्टरची जाडी भरून काढते. आरएफ माउंटच्या रेड कोमोडोवर किंवा कॅनन सी७०वर पीएल लेन्स लावायची असेल तर ५२ वजा २०, म्हणजे ३२ मिमी जाडीचा अ‍ॅडॅप्टर लागतो. सोनी एफएक्स३ किंवा एफएक्स६साठी तोच ३४ मिमीचा असतो. उलट दिशेने हे जमत नाही. पीएल माउंटच्या कॅमेऱ्यावर ईएफ लेन्स लावायची म्हटली तर लेन्सला सेन्सरच्या ८ मिमी आणखी जवळ न्यावे लागेल आणि तेवढी जागाच तिथे नसते. त्यासाठी कॅमेऱ्याचा माउंटच बदलावा लागतो, आणि अ‍ॅलेक्सा मिनी किंवा कॅननच्या सी३०० मार्क ३ या कॅमेऱ्यांमध्ये तशी सोय दिलेली आहे. जिथे असा मूळ माउंट बदलून मिळतो तिथे मी अ‍ॅडॅप्टरचा विचारही करत नाही. रेंटलला आदल्या दिवशी फोन करून माउंट बदलून ठेवायला सांगितले की पुढचा सगळा घोळ टळतो.

आता त्या ३२ मिमीकडे बारकाईने पाहू, कारण खरी अडचण तिथे आहे. अ‍ॅडॅप्टर ३२.०० मिमीऐवजी ३१.९५ मिमीचा निघाला, तर ०.०५ मिमीचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांनाही कळत नाही. पण या चुकीचा परिणाम लेन्सच्या फोकल लेंग्थच्या (लेन्सवर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याच्या) वर्गाला चुकीने भागून मिळतो, म्हणून तो वाइड, म्हणजे कमी मिमीच्या, लेन्सवर सर्वांत जास्त जाणवतो. १८ मिमीच्या लेन्ससाठी ३२४ भागिले ०.०५ केल्यावर सुमारे साडेसहा मीटर येतात, याचा अर्थ इन्फिनिटीचा, म्हणजे खूप दूरच्या वस्तूंचा, फोकस रिंगवरच्या साडेसहा मीटरच्या खुणेपाशीच येऊन जातो. ५० मिमीच्या लेन्ससाठी तेच उत्तर ५० मीटर येते आणि १०० मिमीसाठी २०० मीटर. म्हणूनच अ‍ॅडॅप्टरची चाचणी ५० मिमीच्या ब्लॉक (एकाच ठरलेल्या फोकल लेंग्थच्या) लेन्सवर करून ‘ठीक आहे’ असे म्हणण्याला फारसा अर्थ नाही; संचातली सर्वांत वाइड लेन्स आधी लावली पाहिजे.

दूरच्या शॉटपुरतीच ही चूक असती तर फोकस पुलरने तिच्याशी जुळवून घेतले असते, परंतु ती जवळच्या खुणाही बिघडवते. त्याच १८ मिमी लेन्सवर नट टेपने मोजून बरोबर २ मीटरवर उभा असेल, तर तो रिंगवरच्या १.५ मीटरच्या आसपासच्या खुणेवर शार्प दिसेल. रिंगवर खडूने केलेल्या खुणा, रिमोट फॉलो फोकसमध्ये (फोकस रिंग दुरून फिरवणाऱ्या यंत्रात) भरून ठेवलेला लेन्सचा नकाशा आणि टेपने घेतलेले अंतर यांचा मग एकमेकांशी मेळ बसत नाही.

बाहेरच्या निर्मात्यांचे अनेक स्वस्त अ‍ॅडॅप्टर मुद्दाम थोडे कमी जाडीचे बनवलेले असतात. जाडी जास्त झाली तर लेन्स इन्फिनिटीला पोहोचतच नाही आणि गिऱ्हाईक माल परत करते. जाडी कमी असेल तर रिंग थोडी मागे घेऊन काम निभावते. स्थिर छायाचित्रण करणाऱ्याला, विशेषतः ऑटोफोकस वापरणाऱ्याला, या तडजोडीचा त्रास होत नाही. सिनेमाचे काम खुणांवर चालते, म्हणून आपल्याला तो होतो.

काही वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर रात्रीचे चित्रीकरण होते. १८ मिमीची पीएल लेन्स टी २वर, म्हणजे प्रकाशाचे छिद्र खूप मोठे ठेवून, उघडी होती, कठड्यापाशी कुणी नव्हते, फ्रेममध्ये फक्त पलीकडच्या इमारतींचे दिवे आणि समुद्राकडचा काळोख होता. अटेंडंटने रिंग इन्फिनिटीवर नेऊन ठेवली. ७ इंची मॉनिटरवर मला दिवे जरा जाड वाटले म्हणून मी त्याला पुन्हा विचारले, तेव्हा तो म्हणाला, “दादा, रिंग शेवटाला आहे, आता आणखी कुठे नेऊ?” रिंग पुढे न्यायला जागा नव्हती हे खरेच होते, ती मागे घ्यायला हवी होती, हे मला त्या क्षणी सुचले नाही. दुसऱ्या दिवशी संकलनाच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक दिव्याची चकती झालेली दिसली आणि तो शॉट पुन्हा घ्यावा लागला. भाड्याने आलेला तो अ‍ॅडॅप्टर नंतर मोजला तेव्हा ०.०५ मिमीहून थोडा जास्तच कमी भरला. त्या रात्रीनंतर परका अ‍ॅडॅप्टर आधी तपासल्याशिवाय मी सेटवर नेलेला नाही.

चाचणीसाठी कॅमेरा तयार होऊन निदान अर्धा तास चालू असावा, ट्रायपॉड पक्का असावा आणि लेन्स पूर्ण उघडी असावी. एफ ८वर, म्हणजे छिद्र लहान करून, ठेवली तर फोकसची खोली एवढी वाढते की अ‍ॅडॅप्टरची सगळी चूक तिच्यात झाकली जाते. भिंतीवर सीमेन्स स्टारचा (मध्यातून बाहेर पसरणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा) चार्ट चिकटवावा, कॅमेऱ्याच्या अंगावर सेन्सरची पातळी दाखवणारी जी आडव्या रेघेची गोल खूण असते तिथून टेप धरावी आणि चार्ट बरोबर २ मीटरवर आहे याची खात्री करावी. पीकिंग (शार्प कडा रंगवून दाखवणारी सोय) बंद करावे, कारण ते साधारण शार्प दिसणाऱ्या गोष्टीलाही रंग देते. प्रतिमा मोठी करून, रिंग दोन्ही बाजूंनी आत-बाहेर फिरवत पट्ट्यांच्या मध्यावरचा राखाडी गोळा सर्वांत लहान कुठे होतो ते शोधावे आणि त्या क्षणी रिंगवर कोणती खूण आहे ते वाचावे. हीच कृती तीन वेळा करून तिन्ही आकडे लिहून ठेवावेत. एकाच वेळी मिळालेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. हात आणि डोळे दोन्ही चुकतात.

यानंतर इन्फिनिटी. शिवाजी पार्क किंवा माहीमच्या बाजूला कुणाची वरच्या मजल्यावरची खिडकी मिळाली तर सागरी सेतूवरचे दिवे यासाठी फार चांगले. नाहीतर निदान १ किमी दूरचा कुठलाही एकटा, बारीक दिवा चालतो. अंतर कमी असून भागत नाही, कारण १०० मिमीच्या लेन्सवर १ किमीवरच्या वस्तूची प्रतिमासुद्धा खऱ्या इन्फिनिटीपेक्षा ०.०१ मिमी मागे पडते. दिव्याचा ठिपका सर्वांत बारीक झाला तेव्हा रिंग इन्फिनिटीच्या खुणेआधीच थांबली असेल, तर अ‍ॅडॅप्टरची जाडी कमी आहे. रिंग शेवटाला टेकूनही ठिपका बारीक होत नसेल, तर जाडी जास्त आहे. अर्थात हा दोष लेन्सचाही असू शकतो, म्हणून त्याच संचातली दुसरी आणि शक्य असल्यास दुसऱ्या संचातली एक लेन्स लावून पाहावी. सगळ्या लेन्स एकाच दिशेने चुकत असतील तर कारण अ‍ॅडॅप्टरमध्ये किंवा कॅमेऱ्यात आहे. ज्या रेंटलकडे कॉलिमेटर (लेन्सचा फोकस तपासणारे यंत्र) आहे तिथे लेन्स तपासून देण्याची विनंती करायला संकोच करू नये.

जाडी कमी निघाली तर उपाय सोपा आहे: शिम. चांगल्या पीएल अ‍ॅडॅप्टरची पुढची कडी पेचांनी बसवलेली असते आणि तिच्याखाली ०.०१ ते ०.१ मिमी जाडीच्या गोल पत्र्या घालता येतात. काही निर्माते अशा पत्र्या डबीतच देतात. काम स्वच्छ टेबलावर, पांढऱ्या कापडावर करावे, पंखा बंद ठेवावा. पेच नेमक्या मापाच्या स्क्रू-ड्रायव्हरने सोडवावेत, कारण डोके एकदा खाल्ले गेले की पुढे सगळेच अडते. कडी उचलली की खाली आधीची पत्री तेलाच्या पातळ थराने चिकटून बसलेली दिसते. ती नखाने न खरवडता लाकडी टूथपिकने एका कडेने अलगद सोडवावी, कारण तिला एक सुरकुती पडली तरी ती निरुपयोगी होते. नवी पत्री घालण्याआधी दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. केसाची जाडी ०.०५ ते ०.१ मिमी असते, म्हणजे कडीखाली अडकलेला एक केस आपली सगळी मेहनत वाया घालवू शकतो. पेच समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करून आवळावेत आणि मग चार्टची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी. जाडी जास्त असेल तर आतली पत्री काढावी लागते. आत पत्रीच नसेल तर तो अ‍ॅडॅप्टर घासण्याच्या फंदात न पडता परत करावा. भाड्याच्या वस्तूचे पेच मालकाला विचारल्याशिवाय उघडू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

व्हर्नियर कॅलिपरने मोजून काम भागेल का, असे मला नेहमी विचारतात. बाजारातल्या साध्या डिजिटल कॅलिपरची अचूकता ०.०२ ते ०.०३ मिमीच्या घरातली असते, म्हणजे आपण जी चूक शोधत आहोत तिच्या जवळपास निम्मी. त्यामुळे ढोबळ चुकीचा अ‍ॅडॅप्टर बाजूला काढायला तो उपयोगी आहे, शिम ठरवायला नाही. मात्र चार ठिकाणी जाडी मोजून ती सगळीकडे सारखी आहे का, हे पाहायला तो बऱ्यापैकी चालतो. अ‍ॅडॅप्टरच्या दोन्ही बाजू समांतर नसतील तर फ्रेमची एक बाजू शार्प आणि दुसरी मऊ येते, आणि हा दोष शिमने सहज जात नाही. तो ओळखण्यासाठी सपाट भिंतीवर चारही कोपऱ्यांत वर्तमानपत्राची पाने लावून, कॅमेरा भिंतीला अगदी काटकोनात ठेवून कोपरे वाचून पाहावेत. लेन्स बदलली तरी तोच कोपरा मऊ राहिला, तर संशय अ‍ॅडॅप्टरवर घ्यावा.

माप जुळल्यानंतर प्रश्न येतो तो घट्टपणाचा. पीएलची कडी लेन्सला चारही बाजूंनी आवळून धरते, पण अ‍ॅडॅप्टरची मागची बाजू कॅमेऱ्याच्या स्प्रिंगवाल्या माउंटमध्ये बसते, आणि दोन-तीन किलोची लेन्स ३२ मिमी पुढे सरकल्यावर तिचा सगळा भार माउंटमध्ये अडकणाऱ्या पातळ पाकळ्यांवर येतो. हे पाहण्यासाठी प्रतिमा मोठी करून फॉलो फोकस पटकन पुढे-मागे फिरवावा. दिशा बदलताना चित्र आडवे उडी मारत असेल तर अ‍ॅडॅप्टरमध्ये ढिलेपणा आहे. जड लेन्सला १५ मिमीच्या रॉडवरचा लेन्स सपोर्ट द्यावाच, शिवाय अ‍ॅडॅप्टरला पाय असेल तर तोही रॉडला बांधावा. सपोर्टचा पेच लेन्सला नुसता टेकेल एवढाच फिरवावा. जास्त फिरवला तर तो लेन्स उचलतो आणि मघाचाच तिरकेपणा आपण हाताने तयार करतो. लेन्स बदलताना अ‍ॅडॅप्टर कॅमेऱ्यावरच राहू द्यावा आणि फक्त पीएलची कडी सोडावी. प्रत्येक वेळी दोन्ही जोड उघडले तर केलेली चाचणी तितकीशी खात्रीची राहत नाही.

जुन्या स्थिर छायाचित्रणाच्या लेन्सचा प्रश्न वेगळा आहे. बोरा बाजारातून किंवा ओळखीतून घेतलेल्या निकॉनच्या मॅन्युअल लेन्स ईएफ माउंटच्या ब्लॅकमॅजिक पॉकेट ६के कॅमेऱ्यावर फार सुंदर चित्र देतात, परंतु त्यांचा अ‍ॅडॅप्टर अवघा २.५ मिमीचा, एखाद्या चकतीसारखा असतो, आणि तो लवकर ढिला होतो. अशा लेन्स वारंवार वापरायच्या असतील तर प्रत्येक लेन्सला कायमचा माउंट बदलून घ्यावा किंवा निदान प्रत्येकीसाठी वेगळा अ‍ॅडॅप्टर ठेवून तो तिच्यावरून काढूच नये. निकॉनची फोकस रिंग सिने लेन्सच्या उलट दिशेने फिरते, ही गोष्ट फोकस पुलरला शूटच्या सकाळी नव्हे तर आधीच सांगावी. एम४२ पेचाच्या जुन्या लेन्सवर मागे प्रकाशाचे छिद्र लहान-मोठे करणारी अ‍ॅपर्चरची खिळी असेल तर ती दाबून धरणारी कड असलेलाच अ‍ॅडॅप्टर घ्यावा, नाहीतर रिंग फिरवूनही लेन्स उघडीच राहते.

इलेक्ट्रॉनिक लेन्सला बहुधा अ‍ॅपर्चरची रिंग नसते, म्हणून ईएफ ते ई किंवा ईएफ ते एल अशा जोडणीत अ‍ॅडॅप्टरला विजेचे संकेत पोहोचवावे लागतात. यात तीन गोष्टी सांभाळाव्यात. सोन्याच्या मुलाम्याचे संपर्कबिंदू कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने रोज पुसावेत; अ‍ॅपर्चर मध्येच अडकण्याचे निम्मे प्रकार तिथेच संपतात. चित्रीकरणाच्या तोंडावर कॅमेऱ्याचे फर्मवेअर अद्ययावत करू नये, कारण बाहेरच्या निर्मात्याचा अ‍ॅडॅप्टर नव्या आवृत्तीशी बोलेलच याची हमी कॅमेरा कंपनी देत नाही. आणि साधा, संपर्कबिंदू नसलेला अ‍ॅडॅप्टर असेल तर सेन्सर हलवून कंप कमी करणाऱ्या कॅमेऱ्यात फोकल लेंग्थ हाताने भरावी. ५० मिमीची लेन्स लावून आत २४चा आकडा राहिला तर स्थिरीकरण चुकीच्या प्रमाणात होते आणि हातातला शॉट विचित्र डोलतो.

फोकल रिड्यूसर, ज्याला सगळे स्पीडबूस्टर म्हणतात, हा काच असलेला अ‍ॅडॅप्टर आहे. ०.७१ पटीचा रिड्यूसर फुल फ्रेम लेन्सची प्रतिमा आकसून त्याहून लहान सुपर ३५ सेन्सरवर आणतो, त्यामुळे ५० मिमीची लेन्स ३५ मिमीसारखी वागते आणि प्रकाश एका स्टॉपने, म्हणजे दुपटीने, वाढतो. रात्रीच्या मुंबईत, परवानगीपुरत्या थोड्या दिव्यांत काम करताना हा एक स्टॉप मोलाचा असतो. परंतु लेन्सच्या मागे आणखी काच आली की कोपऱ्यांची धार आणि दिव्याभोवतीचा झगमगाट हे दोन्ही त्या काचेच्या दर्जावर अवलंबून राहतात. फक्त सुपर ३५ सेन्सरपुरते प्रतिमेचे वर्तुळ देणाऱ्या लेन्सवर तो लावू नये, कारण आकसलेले वर्तुळ कोपऱ्यांत काळे पडेल. ज्या लेन्सचा मागचा भाग बाहेर आलेला आहे ती लावण्याआधी रिड्यूसरची काच आणि लेन्सची मागची काच यांत अंतर उरते का, हे कॅमेऱ्यावर न चढवता हातात धरून पाहावे. चांगल्या रिड्यूसरमध्ये काचेचा गट फिरवून इन्फिनिटी जुळवता येते. बारीक पेच सैल करावा, जुळवावे, पुन्हा आवळावा.

साध्या अ‍ॅडॅप्टरच्या नळीतही प्रकाश भटकतो. लेन्स काढून अ‍ॅडॅप्टर उजेडाकडे धरावा आणि मागून आत पाहावे. भिंत चकचकीत दिसली तर समोरून येणारा दिवा त्या भिंतीवर आपटून सगळ्या फ्रेमवर पांढुरकी साय पसरवणार हे नक्की. आत काळा मखमली थर असलेला अ‍ॅडॅप्टर थोडा महाग पडला तरी घ्यावा.

मुंबईच्या हवेचाही विचार करावा लागतो. अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशामागे साधारण ०.०२३ मिमी प्रसरण पावते. वातानुकूलित खोलीत २२ अंशांवर तपासलेला ३२ मिमीचा अ‍ॅडॅप्टर मे महिन्यात वर्सोव्याच्या वाळूवर ४२ अंशांपर्यंत तापला तर तो सुमारे ०.०१५ मिमी वाढतो. आकडा छोटा आहे, पण १८ मिमीच्या लेन्सवर टी १.४ला तो दिसू शकतो, म्हणून उन्हात कॅमेऱ्यावर छत्री धरावी आणि दुपारच्या जेवणानंतर इन्फिनिटी एकदा पुन्हा पाहावी. पावसाळ्यात गार गाडीतून उतरवलेली पेटी लगेच उघडू नये; निदान अर्धा तास बंद ठेवावी, नाहीतर लेन्सच्या मागच्या काचेवर आणि अ‍ॅडॅप्टरच्या आत दव धरते. समुद्राकाठच्या कामानंतर अ‍ॅडॅप्टरच्या पाकळ्या किंचित ओलसर कापडाने पुसून, मग कोरड्या करून, सिलिका जेलच्या पाकिटासह ठेवाव्यात. खाऱ्या हवेने पेच गंजले तर पुढचा शिम घालता येत नाही.

चाचणी झालेल्या प्रत्येक अ‍ॅडॅप्टरवर मी पांढऱ्या कॅमेरा टेपची एक पट्टी लावतो. तिच्यावर तो कोणत्या कॅमेऱ्यासोबत तपासला, त्या कॅमेऱ्याच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, आत घातलेल्या शिमची जाडी, तपासलेली सर्वांत वाइड लेन्स आणि तारीख एवढे लिहिलेले असते. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माउंटमध्येही मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे असू शकतो, त्यामुळे एका कोमोडोवर अचूक बसलेला अ‍ॅडॅप्टर शेजारच्या कोमोडोवर तसाच बसेल असे धरून चालता येत नाही. आयत्या वेळी कॅमेरा बदलून आला तर ती पट्टी काढून टाकावी, चार्ट पुन्हा भिंतीवर लावावा आणि टेप सेन्सरच्या खुणेवर धरावी.